करवतीनं खाल्लं तेवढं

४ मार्च

ढलपे,

मायना लिहीत नाही, लाकडाच्या ढलप्यावरनं लहानपणी ठेवलेलं तुझं नाव पुरे. चौथी शिकलेला माणूस मायना लिहायला बसला की अर्धा कागद त्यातच जातो. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला काय ऐकू येणार? कापायच्या मशिनीच्या आवाजानं डावा कान कधीच नेला, उजवा त्याच वाटेवर आहे. म्हणून कागद. वाच नाहीतर फाडून टाक, पण फाडायच्या आधी एवढं वाच.

खुर्ची परत आली.

आईची खुर्ची. काल सकाळी हॉलवाल्या बाईंनी टेम्पोतून पाठवली. तुझं प्रदर्शन लागलं होतं तो हॉल बंद होतोय. मागच्या खोलीत चार वर्षं पडलेली खुर्ची कुणाला द्यायची ते बाईंना कळेना, कारण तू घर बदललेलं. शेवटी खुर्ची उलटी केली, तर बैठकीखाली पेन्सिलनं माझं नाव आणि पत्ता. या सवयीला तू आणि आई हसायचात. बघ, आली ना उपयोगाला.

टेम्पोवाल्यानं तीन जिने चढवली आणि दारात ठेवून स्वतःच तिच्यावर बसला, धापा टाकत. म्हणाला, "काका, काय मस्त खुर्ची आहे. जरा म्हणून हलत नाही."

दुसऱ्या कुठल्या खुर्चीबद्दल कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता. त्याला नुसतं पाणी दिलं.

खुर्ची तिच्या जागेवर ठेवलीय, स्वयंपाकघरात, खिडकीपाशी. हवी असेल तर कळव. तुझा पत्ता तुझ्या आत्यानं दिला, पण मी तिथं येऊन उभा राहणार नाही असं दहा वेळा कबूल करून घेतलं. येत नाही. घाबरू नकोस.

बाबा

तब्येत बरी आहे. विचारलं नाहीस, तरी सांगतो.


११ मार्च

ढलपे,

उत्तर नाही. असू दे. आत्या म्हणते पत्र पोचलं.

खालच्या काकू वर आल्या होत्या. टेम्पो बघितला होता त्यांनी. खुर्चीभोवती एक चक्कर मारली, मग बसल्या. बसून जरा पुढं झाल्या, जरा मागं झाल्या आणि माझ्याकडे असं बघितलं की जसं मीच काहीतरी चोरलंय.

"भावजी, हिचा आवाज कुठंय?"

मग जे सांगितलं ते मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. आई सकाळी उठून खुर्चीत बसली की खुर्चीचा तो एक आखूड पाय जमिनीवर टक्कन वाजायचा. काकूंचं स्वयंपाकघर बरोबर खाली. आवाज आला की त्या चहा टाकायच्या, आणि चहा झाला की झाडूच्या दांड्यानं छताला दोनदा ठोकायच्या. म्हणजे या. तीस वर्षं हे असं चाललं, आणि मी त्या वेळेला कारखान्यात. सुट्टीच्या दिवशी ठोकलेलं कळायचं, पण मला वाटायचं बाई उंदीर हाकलतात.

आता त्या दिवसाबद्दल. तेव्हा तू ऐकून घेतलं नाहीस म्हणून लिहून सांगतो.

प्रदर्शन लागून दहा दिवस झाले, मी गेलो नव्हतो. आपणच बनवलेली खुर्ची बघायला हॉलमध्ये कशाला जायचं? अकराव्या दिवशी सकाळी गेलो. हॉल उघडायचा होता, पण बाईंनी तुझा बाप म्हणून आत सोडलं. भली मोठी पांढरी खोली. मधोमध लाकडाचा पोकळ चौथरा, त्याच्यावर आपली खुर्ची. भिंतीवर चिठ्ठी, 'आई उठली'. त्याखाली, 'बसा'. बाकी खोलीभर काही नाही. मी बसलो. टक. चौथरा पोकळ असल्यानं आवाज केवढा मोठा झाला होता, मलासुद्धा ऐकू आला.

मी सुतार. डुगडुगणारी खुर्ची दिसली की हात थांबत नाही. पिशवी खांद्याला होतीच.

काम चोख केलं. आखूड पायाला खाली तुकडा चिकटवून भागवणारे पुष्कळ असतात, मी त्यातला नाही. आखूड पायाखाली पाचर सारली, खुर्ची सरळ उभी केली, बाकीच्या तीन पायांवर खुणा केल्या आणि ते तिन्ही खालून तेवढे कापून टाकले. अर्ध्या तासात चारी पाय टेकले. भुसासुद्धा झाडून घेतला.

तुझं काम नीट दिसावं एवढाच हेतू होता. वाईट हेतू नव्हता.

बाबा


२० मार्च

ढलपे,

खुर्चीबरोबर एक जाड वही आली होती. बाईंची कसली तरी यादी असेल म्हणून मी ती फळीवर टाकून दिली होती. काल चष्मा शोधताना खाली पडली. उघडली तर लोकांची अक्षरं. हॉलमध्ये येऊन गेलेल्यांनी लिहिलेलं.

तुला माहीत असणार, पण वही तुझ्याकडे नाहीये, म्हणून उतरवून काढतो. अक्षर लागत नसेल तर आत्याकडून वाचून घे.

तिसरा दिवस. 'माझी आजी काठी टेकायची. तोच आवाज. दोनदा बसलो.' खाली लिहिलंय, बस ड्रायव्हर.

चौथा. 'आईमागं घर विकलं. मागच्या दाराची कडी अशी वाजायची. ती बदलू नका असं नव्या मालकाला सांगायचं राहून गेलं.' सही नाही.

पाचवा, एक नर्स. 'वॉर्डात दिवसभर आवाजच आवाज. हा ऐकला आणि बाहेर जाऊन घरी फोन लावला.'

एका पोरीनं अर्ध्या पानभर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'मला परत बसायचं होतं. बाई ओरडल्या.'

सहाव्या दिवशी एक जण भडकलेला. 'ही कसली कला? मोडकी खुर्ची आणून ठेवली आणि म्हणे बसा.' आणि नवव्या दिवशी त्याच अक्षरात, 'परत आलो होतो.' एवढंच.

मग अकरावा दिवस. मी येऊन गेलो तो.

त्यानंतरचं वाच. 'सुबक खुर्ची.' 'पक्की आहे.' 'अशा सहा कुठं बनवून मिळतील?' 'हॉलमध्ये गारवा छान आहे.'

अशी तीन पानं आहेत, सगळी माझ्या कामाची तारीफ. एवढी तारीफ मला जन्मात कुणी लिहून दिली नाही, आणि एकही ओळ धड गिळवेना.

मला आपलं वाटायचं, तुम्ही लोक भिंतीवर चिठ्ठी लावता तोच अर्थ. वाचायची, मान डोलवायची, घरी जायचं. पण तू चिठ्ठीवर लिहिलेस मोजून तीन शब्द. आजीची काठी, दाराची कडी, हे सगळं ती माणसं आपापल्या घरून घेऊन आली. तू त्यांना ते टेकवायला जागा दिलीस, आणि ती जागा म्हणजे बोटभरही नाही, एका पायाखालची फट. खुर्ची मी एका बाईला बसायला बनवली होती. तू तिच्यात किती माणसं बसवलीस!

तुम्ही आईला गप्प केलंत, असं त्या दिवशी म्हणाली होतीस. एकट्या तिला नाही केलं. ड्रायव्हरच्या आजीलाही केलं.

बाबा


२८ मार्च

ढलपे,

तुझं कार्ड आलं. 'खुर्चीला हात लावू नका.' चार वर्षांनी चार शब्द, म्हणजे वर्षाला एक पडला. खाली सहीसुद्धा नाही. तरी दिवसभर शर्टाच्या खिशात घालून फिरलो. दुकानदारानं विचारलं, "काका, आज खुशीत?" म्हटलं, "मुलीनं दम भरलाय."

हात लावला नाही. बसतसुद्धा नाही. धूळ पुसलेली चालेल का तेवढं कळव.

आता तू एक अक्षर लिहिलंसच, तर मलाही खरं लिहायला हवं. हेतू चांगला होता असं लिहिलं होतं ना, ते खोडून टाक.

चिठ्ठीवर 'बसा'च्या खाली बारीक अक्षरात तू आणखी एक ओळ लिहिली होतीस. 'खुर्ची बनवली माझ्या वडिलांनी', आणि माझं पूर्ण नाव. ती ओळ आधीच्या पत्रांत मी गाळली. ती वाचली आणि माझी कानशिलं तापली. कुठून कुठून माणसं येणार, खुर्चीत बसणार, ती डुगडुगणार, आणि भिंतीवर नाव कुणाचं? माझं. पन्नास वर्षं काम केलं, एक खिडकी कधी कुणाची अडकली नाही, आणि जगाला दाखवायला पोरीनं हेच शोधून काढलं! तुझं काम नीट दिसावं म्हणून कापले नाहीत पाय. माझी चूक दिसू नये म्हणून कापले.

दुपारी तू पाहुण्यांना घेऊन आलीस, त्यांना दाखवायला स्वतः बसलीस आणि आवाज आला नाही. तुझा चेहरा मला दिसत होता. तेव्हा तोंड मिटायचं, तर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तीस वर्षं ऐकलं ते. आता जरा शांतता मिळू दे."

तिला जाऊन सात महिने झाले होते. शांतता काय कमी होती घरात? मी घड्याळसुद्धा मोठ्यानं वाजणारं आणलं होतं. तरी म्हणालो. तू त्याच दिवशी गाडीत बसलीस. बरोबर केलंस.

आणखी एक. पाय आखूड कसा झाला हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर लाकूड आकसलं म्हणायचो. लाकूड कसलं आकसतंय. लग्नानंतरची पहिली खुर्ची. तीन पाय मोजून कापले. चौथ्यावर खूण करत होतो, तेवढ्यात ती दारात उभी राहून काहीतरी बोलली आणि मी इतका हसलो की पेन्सिल सरकली. सरकलेल्या खुणेवरच करवत चालवली. काय बोलली ते आठवत नाही. लई डोकं चालवून बघितलं. हसलो तेवढं आठवतं.

दुरुस्त करतो म्हटलं, तर खुर्चीतून उठेचना. "तुमच्या हातचं सगळं सरळच असतं. एवढं एक वाकडं राहू द्या, ते माझं."

हे ती तुला बोलली होती का? बोलली नसेल, तर न सांगता तू ते ऐकलंस कसं?

बाबा


१२ एप्रिल

ढलपे,

स्क्रूचा डबा माहितीय ना, बिस्किटांचा, झाकण न लागणारा? त्यात आज बिजागरीचा स्क्रू शोधत होतो. तळाशी तीन चकत्या सापडल्या.

त्याच. त्या दिवशी पायांच्या खालून कापलेल्या. मी लाकूड टाकत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. हॉलमधून येताना खिशात घातल्या असणार आणि घरी येऊन डब्यात. प्रत्येकीवर पेन्सिलनं आकडा आहे, एक, दोन, तीन. कुठली कुठल्या पायाची तेसुद्धा लिहून ठेवलंय. डोकं रागात असलं तरी हात आपलं काम करतो.

आता खरं सांगतो. मी चिकटवायला सरस काढला. कपाटातून लाकूड आवळून धरायचे शिकंजे काढले. खुर्ची आडवी करायला हात पुढं केला आणि खिशातलं कार्ड टोचलं. हात लावू नका. सगळं परत कपाटात ठेवलं आणि खाली काकूंकडे जाऊन चहा प्यालो. वर आलो, हात शिवशिवायला लागले, परत खाली गेलो. तिसऱ्या खेपेला काकू म्हणाल्या, "भावजी, आज मुक्कामालाच आलाय का?"

चकत्या या पाकिटात घालून तुला पाठवतोय. कापसात गुंडाळल्यात. माझ्याजवळ राहिल्या तर मी चिकटवेन, मला मी ओळखतो.

पण एक गोष्ट तुला ठाऊक हवी. चकत्या जशाच्या तशा बसवल्या तरी खुर्ची पहिल्यासारखी होणार नाही. करवतीचं पातं जेवढं जाड, तेवढं लाकूड कापताना भुसा होऊन जातं. आम्ही म्हणतो करवतीनं खाल्लं. ते तिन्ही पायांचं गेलं, आणि तो भुसा मीच झाडून केरात टाकला. म्हणजे पाय तेवढे कमीच उंच होणार आणि फट लहान राहणार. वाजेल, पण तो आवाज यायचा नाही.

ते कसं भरून काढायचं, मला माहीत नाही. लाकडाच्या बाबतीत मला माहीत नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय, जपून ठेव. तू ठरव. खुर्ची माझी असेल, काम तुझं आहे.

आणि आभार. मला ते घोळवून सांगता येत नाही, आणि घोळवून सांगणाऱ्यांचा मला भरवसाही वाटत नाही. त्या खुर्चीकडे तीस वर्षं बघून मला एवढंच दिसलं की एक काम राहिलंय. तुला त्यात ती दिसली. तू नसतीस तर मी ती खुर्ची नीट करून, पॉलिश मारून, आनंदात तिच्यावर बसलो असतो आणि काय गेलं ते मला कळलंही नसतं.

संपलं. पुन्हा लिहिणार नाही हे.

बाबा


१० मे

ढलपे,

काल गेलीस आणि आज पत्र. म्हणशील म्हाताऱ्याला चटक लागली. लागली.

तू आलीस तेव्हा मी दार उघडून काय बोललो ते आठवून मला रात्रीपासून लाज वाटतेय. चार वर्षांनी मुलगी दारात, आणि मी म्हणालो, "पायपुसणं सरळ कर." तू केलंस. बरं झालं. नाहीतर दोघंही दारातच रडत बसलो असतो.

मग तू पिशवीतून माझी पत्रं काढलीस, कात्री मागितलीस आणि कापायला बसलीस. पायाच्या मापाचे बारके चौकोन.

मी म्हटलं, "फाड म्हणालो होतो, ते एवढं मनावर घेतलंस?"

"करवतीनं खाल्लं तेवढं भरायला काहीतरी लागेल ना, बाबा."

"लाकडात कागद? वेडी आहेस का? दमट हवेत फुगेल."

"फुगू दे."

"आवाज बदलेल."

"बदलू दे. आई काय रोज सारखी उठायची?"

 

मी पट्टी काढून हिशोब केला, पात्याची जाडी अमुक, कागदाची तमुक, सात कागद लागतील. तू पट्टीकडे बघितलंसुद्धा नाहीस. काही न चिकटवता चकत्या नुसत्या पायांखाली ठेवल्यास, मधे कागद सारलेस आणि बसलीस. सातला मान हलवलीस. नाही. प्रत्येक पायाला आठवा घातला. बसलीस, डोळे मिटलेस. "जवळ आलंय, पण ही आई दमलेली आहे." मला हसू आलं, कारण मला तर सातही तसाच वाटला होता आणि आठही.

नववा घातलास आणि बसलीस.

मला कानाला काही आलं नाही. तळपायाला आलं. फरशीतून. एकदा. मी कपाटाला धरून उभा होतो.

आणि मग तळपायाला आणखी काहीतरी लागलं. खालून. दोनदा.

तू माझ्याकडे बघितलंस. म्हटलं, "चहा झाला. चल."

काकू दार उघडून उभ्याच होत्या, झाडू हातात उलटा धरलेला. "हात आधी गेला गं, डोकं मागनं आलं," म्हणाल्या आणि तुला बघून खाली बसल्या. तिथं तू रडलीस ते मी बघितलं नाही असं समज. मी कपाच्या कानाकडे बघत होतो. ढिला आहे, त्यांना सांगितलंय, दुरुस्त करून देतो. नंतर विचार केला, आधी विचारून घेईन.

वर येऊन आपण सगळं चिकटवलं, तरी जोड दिसतोय, बरं का. तीन पायांवर खाली पांढरी रेघ, आणि नीट बघितलं तर कागदाच्या कडेला माझी शाई. आयुष्यभर मी जोड लपवले. हा लपवायला पॉलिश मागून आणलं होतं, तू डबीच काढून घेतलीस. ठेव तुझ्याकडे.

आज सकाळी व्हॅन आली आणि खुर्ची तुझ्या नव्या प्रदर्शनाच्या हॉलकडे गेली. खिडकीपाशी मोकळी जागा आहे. व्हॅन गेल्यावर मी तिथं उभा राहून टाच आपटली, जरा लाजतच. खालून लगेच उत्तर आलं. म्हणजे माझी रोजची सोय झाली.

वहीसुद्धा व्हॅनमध्ये दिलीय. तू म्हणालीस, नवी माणसं त्याच वहीत लिहितील. पण ती गारवा छान आहेवाली पानं संपतात, तिथं पहिली ओळ मी लिहून टाकलीय. तिथं गेल्यावर वाचशीलच, पण शुद्धलेखन बघायला आधी कळवतो. अशी आहे.

'खुर्ची डुगडुगते. मी बनवली आहे.'

बाबा